दुधाच्या पगारावर उभा राहिलेला महोत्सव : वर्दी फार्म, १९७०

इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात पिल्टन नावाचं खेडं आहे. तिथल्या वर्दी फार्मवर १९ सप्टेंबर १९७० रोजी, शनिवारी, सुमारे दीड हजार माणसं गाणी ऐकायला जमली. तिकीट एक पौंड, आणि त्यात शेतावरचं दूध फुकट. आदल्याच दिवशी लंडनमध्ये प्रसिद्ध गिटारवादक जिमी हेंड्रिक्स वारला होता, त्यामुळे तारीख लक्षात ठेवायला सोपी. हाच कार्यक्रम पुढे ग्लास्टनबरी महोत्सव झाला. दोन लाखांच्या त्या गर्दीची छायाचित्रं सगळ्यांनी पाहिलेली असतात. इथे मात्र पहिल्या वर्षाचंच प्रकरण उलगडायचं आहे. एका दूधउत्पादक कुटुंबाने स्वतःच्या कुरणावर महोत्सव भरवला, त्यात खोट खाल्ली आणि तरीही शेत वाचलं. ते कशामुळे वाचलं, हे शेतावर गाण्याचा कार्यक्रम करू पाहणाऱ्या प्रत्येकाने नीट समजून घ्यावं असं आम्हाला मनापासून वाटतं.

शेत आणि त्याचं वर्ष

मायकेल ईव्हिस यांच्याकडे हे शेत १९५४ मध्ये आलं. वडील वारले तेव्हा ते १९ वर्षांचे होते आणि व्यापारी जहाजावरच्या नोकरीत शिरले होते. वाट्याला आली सुमारे १५० एकर जमीन आणि ६० गाई. आपल्याकडे दीडशे एकर म्हटलं की बडा बागायतदार डोळ्यांपुढे येतो. तिथलं गणित वेगळं आहे. गाईमागे अडीच एकर पडतात, आणि तेवढ्यातूनच उन्हाळ्याची चराई आणि हिवाळ्याची वैरण, दोन्ही निघावी लागतात. थंडीचे चार-पाच महिने गाई गोठ्यात बांधून असतात. मे-जूनमध्ये गवताची पहिली कापणी होते, त्याचा मुरघास, म्हणजे दाबून मुरवलेला हिरवा चारा, केला जातो, मग जमलं तर दुसरी कापणी. म्हणजे कुरण हेच पीक. सप्टेंबरात दोन एकर गवत तुडवलं गेलं तर त्याचा खड्डा जानेवारीच्या वैरणीत पडतो.

पैशाचा ओघही समजून घ्यायला हवा. त्या काळी ब्रिटनमधलं दूध मिल्क मार्केटिंग बोर्ड विकत घेई. हे बोर्ड १९३३ पासूनचं, आणि शेतकऱ्याला महिन्यातून एकदा धनादेश येई. आपल्याकडे डेअरीचा पगार साधारण दर दहा दिवसांनी होतो, तिथे महिन्याला. रक्कम मोठी नसेल, पण ठरल्या दिवशी येणार हे नक्की. या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे हा महिन्याचा धनादेश.

त्र्याऐंशी दिवस

जून १९७० च्या अखेरीस पिल्टनपासून जवळच, शेप्टन मॅलेटच्या कृषी प्रदर्शनाच्या मैदानावर, बाथचा ब्लूज महोत्सव झाला. ईव्हिस आणि त्यांच्या जोडीदार जीन तिथे गेले. २८ जूनला लेड झेपेलिन हा रॉक बँड वाजवत होता. ते ऐकूनच आपल्या शेतावर असं काही करायचं हे ईव्हिस यांच्या मनात बसलं. २८ जून ते १९ सप्टेंबर म्हणजे मोजून ८३ दिवस.

एवढ्या दिवसांत कलाकार ठरवणं, जाहिरात, मंच, ध्वनियंत्रणा, कुंपण, पाणी आणि संडास हे सगळं उभं करायचं आणि रोज दोन वेळा ६० गाईंची धारही काढायची. कलाकारांच्या तारखा ८३ दिवस आधी मिळतातही, पण मग ज्यांच्या मोकळ्या आहेत त्यांच्याच मिळतात. जाहिरातीला सहा-सात आठवडेच उरतात. पहिल्या वर्षी गर्दी कमी पडली ती इथे, असं आमचं मत आहे. नव्या जागेचं नाव लोकांच्या कानांवर दोन-तीनदा पडल्याशिवाय कोणी गाडी काढत नाही.

सप्टेंबरची निवड शेताच्या दृष्टीने वाईट नव्हती. कापण्या आटोपलेल्या असतात, कुरणं मोकळी असतात. पण दिवस लहान झालेला असतो. १९ तारखेला तिथे सव्वासातच्या सुमारास सूर्य मावळतो. त्यानंतर उजेड, वायरी, अंधारातली वाट, गारठा आणि दव, सगळ्याचा खर्च वाढतो. पुढच्या वर्षी महोत्सव जूनमध्ये नेला गेला आणि तो तिथेच राहिला. उत्तरायणाच्या टोकाला तिथे दिवस सोळा तासांहून मोठा असतो. त्याची किंमत अशी की पहिली कापणी त्याआधी व्हायलाच हवी. गवत उभं असताना माणसं आली तर ते ना गाईच्या पोटात जातं ना मुरघासाच्या खड्ड्यात.

किंक्स येणार होते

मुख्य आकर्षण म्हणून द किंक्स हा बँड ठरला होता. मानधन ५०० पौंड. तोंडावर आल्यावर त्यांनी अंग काढून घेतलं. त्यांच्या जागी मार्क बोलन यांचा टिरॅनोसॉरस रेक्स हा बँड आला, तोच पुढे टी. रेक्स झाला. बाकी स्टॅकरिज, अल स्टुअर्ट, कीथ ख्रिसमस अशी मंडळी होती. बोलन मखमल लावलेल्या मोठ्या अमेरिकन मोटारीतून आले, आणि शेताकडे येणाऱ्या अरुंद वाटेवरच्या काटेरी वेली त्या मखमलीला घासल्या म्हणून वैतागले, अशी हकिगत ईव्हिस यांनी पुढे अनेकदा सांगितली आहे. ऐकायला मजेशीर आहे, पण त्यात कामाची गोष्ट दडलेली आहे. शेताची वाट बैलगाडीच्या किंवा ट्रॅक्टरच्या मापाची असते. साउंडचा ट्रक, पाण्याचा टँकर आणि रुग्णवाहिका यांना साडेतीन-चार मीटर मोकळी रुंदी लागते, वरच्या फांद्याही चार-साडेचार मीटरपर्यंत छाटाव्या लागतात. दोन गाड्या समोरासमोर आल्या तर बाजू द्यायला दर शंभर-दीडशे मीटरवर एक फुगवटा हवा. हे काम महिनाभर आधी, जमिनीला वापसा असताना, म्हणजे जास्तीची ओल उतरलेली असताना, उरकायचं असतं.

सूर्य मावळताना बोलन वाजवायला बसले. कार्यक्रम उत्तम झाला, यावर कोणाचंच दुमत नाही. ५०० पौंड मात्र त्या रात्री गल्ल्यात नव्हते. ईव्हिस यांनी ते महिन्याला १०० पौंड याप्रमाणे दुधाच्या धनादेशातून पाच हप्त्यांत फेडले.

हिशेब

गेटवरची वसुली : दीड हजार माणसं, एक पौंड तिकीट, म्हणजे जास्तीत जास्त १५०० पौंड. सांगितला जाणारा तोटाही साधारण १५०० पौंडच. म्हणजे खर्च ढोबळमानाने ३००० पौंड झाला असणार. माणशी दोन पौंड खर्च आणि माणशी एक पौंड जमा. बरोबरीत यायला याच तिकिटात ३००० माणसं हवी होती किंवा याच माणसांत तिकीट दुप्पट.

पहिल्यांदा महोत्सव भरवणारे इथेच फसतात. मंच, ध्वनी, कुंपण, मुख्य कलाकार हा खर्च ५०० माणसं आली काय आणि ५००० आली काय, जवळपास तेवढाच राहतो. माणसागणिक वाढणारा खर्च पाणी, संडास, सफाई यांचा, आणि तो त्या मानाने थोडा. म्हणून अंदाज करताना “किती येतील” हा प्रश्न मागे ठेवावा. “किती कमी आले तरी आपण उभे राहू” हा आकडा आधी काढावा. वर्दी फार्मच्या बाबतीत एकट्या मुख्य कलाकाराचं मानधन एकूण वसुलीच्या तिसऱ्या हिश्शाएवढं होतं. पहिल्या वर्षी हे जड जातं. मानधनाचा आकडा खात्रीच्या वसुलीच्या पाचव्या हिश्शात बसवावा, असं आम्ही सांगू. खात्रीची वसुली म्हणजे आगाऊ विकलेली तिकिटं. आश्वासनं त्यात धरायची नाहीत.

मग शेत का वाचलं? तोटा दुधाच्या पगारातून फिटण्याजोगा होता म्हणून. महिन्याला १०० पौंड हा हप्ता घर कोलमडू न देता निघत होता. पहिल्या वर्षी जमीन धोक्यात घातली गेली नाही. १९७९ मध्ये हीच मर्यादा ओलांडली गेली. तीन दिवसांचा महोत्सव, पाच पौंड तिकीट, सुमारे १२,००० माणसं, आणि भांडवल शेताची कागदपत्रं तारण ठेवून बँकेतून उचललेलं. मोठा तोटा झाला आणि १९८० मध्ये महोत्सव भरलाच नाही. १९७९ ला गर्दी आठपट होती, तरी १९७० चं वर्ष घराला जास्त सुरक्षित होतं.

फुकट दूध आणि चोरलेला पान्हा

तिकिटात दूध ही कल्पना आम्हाला फार आवडते, पण तिचा हिशेब घालून पाहावा. माणशी अर्धा पिंट म्हणजे २८४ मिलिलिटर धरलं तर दीड हजार माणसांना सुमारे ४२५ लिटर लागतं. ६० गाईंचा गोठा, त्यातल्या काही आटलेल्या, गाईमागे सरासरी दहा लिटर धरलं तर दिवसाचं दूध सुमारे ६०० लिटर. म्हणजे दिवसाच्या दुधापैकी जवळपास ७० टक्के दूध डेअरीला न जाता महोत्सवात जाईल. तो दिवस दुधाच्या बिलातून वजा झाला असं धरून चालायचं. दूध चार अंशांवर थंड ठेवायची टाकी, ग्लास, वाटायला माणसं आणि उरलेलं दूध वेळेत परत थंड करणं, हे सगळं आलं. आज कोणी असं करणार असेल तर दूध तापवून थंड केलेलंच द्यावं. गोठ्यातून थेट कच्चं दूध हजार अनोळखी पोटांत घालू नये.

गाईंची बाजू याहून नाजूक. धार काढायच्या वेळा, पहाटे पाच-सहा आणि दुपारी तीन-चार, बदलता येत नाहीत. दुपारची धार नेमकी ध्वनिचाचणीच्या वेळी येते. गाय बिचकली की पान्हा चोरते, हे प्रत्येक गोठेवाल्याला ठाऊक आहे. सड चोळल्यावर मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं आणि दूध खाली उतरतं. भीतीने अॅड्रेनॅलिन वाढलं की ते थांबतं. दूध कासेतच राहिलं तर दोन-तीन दिवसांत दगडी, म्हणजे कासेची सूज, होण्याचा धोका. म्हणून जनरेटर गोठ्यापासून निदान दीडशे मीटर दूर आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवावा. ध्वनिचाचणी धारेच्या आधी संपवावी किंवा धार झाल्यावर सुरू करावी. कार्यक्रमाच्या आठवडाभर आधीपासून गोठ्यात हळू आवाजात रेडिओ लावून ठेवला की जनावरं सरावतात. वर्दी फार्मवर आता महोत्सवाच्या दिवसांत गाई मोठ्या शेडमध्येच ठेवतात, बाहेर सोडतच नाहीत. छोट्या शेतालाही हेच बरं.

आवाज कुठवर जातो

उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. मंचापासून २५ मीटरवर, ध्वनियंत्रणा चालवणाऱ्याच्या मिक्सरपाशी, ९५ डेसिबल असेल तर ५० मीटरवर ८९, १०० वर ८३, २०० वर ७७, ४०० वर ७१ आणि ८०० मीटरवर ६५. ब्रिटनमध्ये १९९५ साली आलेल्या मैफलीच्या आवाजाच्या संहितेत, वर्षात एक ते तीन दिवस कार्यक्रम करणाऱ्या ग्रामीण जागेसाठी जवळच्या घरापाशी १५ मिनिटांच्या सरासरीने ६५ डेसिबल ही मर्यादा सुचवली आहे. म्हणजे सर्वांत जवळचं घर ८०० मीटरवर असेल तर मिक्सरवर ९५ चालेल. ४०० मीटरवर असेल तर ८९ वर थांबावं लागेल. १९७० मध्ये अशी मोजणी कोणी करत नव्हतं.

कागदावरचं गणित रात्री चुकतं. पिल्टन दरीत आहे. स्वच्छ आकाशाच्या रात्री जमिनीलगतची हवा आधी गार होते आणि वरची उबदार राहते, तेव्हा वर जाणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो. दुपारी ऐकू न येणारा ढोल रात्री दीड किलोमीटरवरच्या घरात छातीत घुमतो. खर्ज भिंतींनाही जुमानत नाही. उपाय साधे आहेत : स्पीकरची तोंडं गावाकडे नकोत, डोंगराकडे किंवा झाडीकडे असावीत, ते उंच टांगून खाली झुकवावेत, आणि अंधार पडल्यावर खर्ज तीन-चार डेसिबलने उतरवावा. महाराष्ट्रात शेतावर बैठक करणाऱ्यांना तर ध्वनिप्रदूषण नियम २००० पाळावेच लागतात. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सरकार १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकतं, पण तुमची तारीख त्या यादीत असेल तरच.

संडास

इथे हात आखडता घेऊ नये. ब्रिटनमधल्या जुन्या सुरक्षा पुस्तिकेचं प्रमाण असं : दिवसभर, सहा तासांहून जास्त चालणाऱ्या कार्यक्रमाला १०० बायकांमागे एक संडास, ५०० पुरुषांमागे एक संडास आणि १५० पुरुषांमागे एक मुतारी. दीड हजारांत निम्म्या बायका धरल्या तर बायकांसाठी आठ, पुरुषांसाठी दोन आणि पाच मुताऱ्या. बायकांसाठी आम्ही बाराच्या खाली जाणार नाही, कारण मध्यंतरात सगळी गर्दी एकाच वीस मिनिटांत होते. उपसा करणारा टँकर वाळल्या वाटेने तिथवर पोचेल अशीच जागा निवडायची. ओढ्याच्या, विहिरीच्या चढावर कधीच नाही. २०१४ मध्ये वर्दी फार्मवरची मैल्याची टाकी गळली, घाण व्हाइटलेक नदीत गेली आणि मासे मेले. त्याचा खटला महोत्सवाच्या कंपनीला भोगावा लागला. एवढ्या अनुभवी जागी हे घडतं, तर भाड्याने आणलेल्या टाकीचे सांधे आदल्या दिवशी पाणी भरून तपासायला कंटाळू नये.

चिखल आणि शेण

वर्दी फार्मची जमीन भारी, चिकणमातीची. आपल्या काळ्या रानासारखीच ओली झाली की पाय धरते. १९८२ च्या महोत्सवात तिथे एका दिवसात गेल्या ४५ वर्षांतला सर्वाधिक पाऊस झाला. अशा जमिनीवर वापसा नसताना ट्रक घातला की चाकोरी फूटभर खोल जाते आणि खालची माती दाबून विटेसारखी होते. पुढची दोन-तीन वर्षं तिथे गवत पिवळं पडतं. गाड्यांची वाट आधीच ठरवून त्यावर मुरूम टाकावा किंवा लोखंडी-अॅल्युमिनियमच्या पाट्या अंथराव्यात. चिखलावर भुसा-काडी टाकण्याची सवय सगळीकडे आहे, पण दोन तासांत त्याचा रबडा होतो. लाकडाच्या ढलप्या जास्त टिकतात.

कुरणातला चिखल म्हणजे नुसती माती नसते, त्यात शेण असतं. निरोगी गाईच्या पोटातही ई-कोलाय ओ१५७ हा जंतू असू शकतो. गाईला काही होत नाही. माणसाला रक्ती हगवण लागते आणि लहान मुलांचे मूत्रपिंडही निकामी होऊ शकतात. १९९७ च्या चिखलाच्या वर्षी महोत्सवाला आलेल्या काहींना ही बाधा झाली आणि बोट चिखलाकडेच गेलं. तेव्हापासूनचा दंडक असा : माणसं येण्याआधी निदान तीन आठवडे कुरणातून जनावरं काढायची. काढल्याबरोबर दिसणारं शेण उचलायचं, गवत कापून आखूड ठेवायचं आणि कापलेलं गवत बाहेर न्यायचं. खाण्याच्या जागी आणि संडासापाशी साबण आणि वाहतं पाणी हवं. निर्जंतुक जेल शेणाच्या चिखलावर पुरं पडत नाही. हे तीन आठवडे चराईच्या नियोजनात आधीच धरावे लागतात, नाही तर ऐन वेळी गाईंना दुसरं रान नसतं.

मंच नावाचा गोठा

१९७१ मध्ये अँड्र्यू कर आणि अरबेला चर्चिल यांच्या पुढाकाराने दुसरा महोत्सव झाला, प्रवेश फुकट. बिल हार्किन यांनी लोखंडी परांची, जाळीचा पत्रा आणि प्लॅस्टिक वापरून पहिला पिरॅमिड मंच उभारला. त्या महोत्सवाचा पैसा बाहेरच्या हितचिंतकांचा. त्यानंतर काही वर्षं शांतता होती. १९८१ मध्ये ईव्हिस यांनी सूत्रं पुन्हा हातात घेतली आणि मंच कायमचा बांधला. टेलिफोनचे लाकडी खांब, संरक्षण खात्याने काढून टाकलेले पत्रे, आणि उपयोग दुहेरी : जूनमध्ये मंच, हिवाळ्यात गुरांचा गोठा आणि वैरणीचं कोठार. त्या वर्षी तिकीट आठ पौंड होतं, सुमारे १८,००० माणसं आली आणि अण्वस्त्रविरोधी चळवळीला २०,००० पौंड देता आले.

आम्हाला या सगळ्या प्रकरणात हा मंच सर्वांत शहाणपणाचा वाटतो. भाड्याच्या मंचाचे पैसे तीन दिवसांत संपतात. गोठ्यावर घातलेला पैसा बारा महिने शेताच्या कामी येतो, आणि तो शेतीचाच खर्च असल्यामुळे एखाद्या वर्षी महोत्सव नाही झाला तरी बुडत नाही. छोट्या शेतावर हेच लहान प्रमाणात करता येतं. कडब्याची शेड बांधताना एक बाजू उघडी, कोबा दोन फूट उंच, छताला वजन टांगण्याजोगे पाइप आणि थ्री-फेजचा स्वतंत्र बोर्ड, अर्थिंगसकट, एवढं केलं की वर्षातून एक रात्र तिथे गाणं होतं. वर्दी फार्मचा हा मंच १९९४ च्या जूनमध्ये, महोत्सव आठवड्यावर आलेला असताना जळाला. वैरण आणि वायरिंग एका छताखाली ठेवणाऱ्याने हेही लक्षात ठेवावं : कार्यक्रमाच्या शेडमध्ये त्या दिवशी काडीही शिल्लक नको.

गाई परत सोडण्याआधी

माणसं गेली की घाई होते ती इथे. तंबूचे खुंटे, तारांचे तुकडे, बाटल्यांची झाकणं गवतात राहतात. गाय चरताना जीभ फिरवून गवताचा पुंजका ओढते, निवडत बसत नाही. गिळलेला लोखंडी तुकडा पोटाच्या जाळीदार कप्प्यात अडकतो, भिंत भोकसतो आणि पुढे थेट हृदयाच्या आवरणापर्यंत पोचू शकतो. वर्दी फार्मवर आधी माणसांच्या रांगा हाताने कचरा वेचतात, मग ट्रॅक्टरमागे लोहचुंबक ओढून उरलेलं लोखंड काढतात. लहान शेतावर दहा माणसं हातभर अंतराने रांगेत, एकदा उभी आणि एकदा आडवी, असं चाललं तरी एकरभर रान दीड-दोन तासांत निघतं. अॅल्युमिनियमचे खुंटे चुंबकाला लागत नाहीत, म्हणून डोळ्यांची फेरी चुकवायची नाही. पाऊस झाला असेल तर आठ दिवसांनी पुन्हा एक फेरी, कारण मातीत रुतलेले खुंटे तेव्हा वर दिसायला लागतात.

शिवाय साधारण दर पाच-सहा वर्षांनी तिथे महोत्सव पड ठेवतात. १९८८, १९९१, १९९६, २००१, २००६, २०१२, २०१८ ही अशी वर्षं, आणि २०२६ हेही. त्या जूनमध्ये मंचापुढच्या उतारावर माणसं नसतात, गवत पूर्ण वाढतं, आणि गाई तिथेच चरतात.